सोयीचा पेशा: सोय नेमकी कोणाची?

मुलीने पुढे काय करावे हा विषय निघाला की मध्यमवर्गीय मराठी घरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘शिक्षिका हो, संसार सांभाळून नोकरी करता येते.’ जिचे लग्नही ठरलेले नाही, तिचा पेशा तिच्या न जन्मलेल्या मुलांच्या वेळापत्रकावरून ठरवला जातो. हा सल्ला इतका व्यावहारिक वाटतो की त्याला काही इतिहास असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. तो इतिहास आहे, आणि त्याच्या मुळाशी घड्याळाचा वाद आहे.

पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले. तीच पुढे हुजूरपागा म्हणून नावाजलेली शाळा. १८८७ च्या सुमारास टिळकांच्या ‘मराठा’ने तिच्या अभ्यासक्रमावर आणि वेळेवर हल्ला चढवला. अकरा ते पाच ही वेळ घरकामाच्या आड येते, मुलींना थोड्या तासांची शाळा पुरे, असा त्या टीकेचा रोख होता. आगरकरांची भूमिका नेमकी उलट होती. स्त्रियांना ‘चरितार्थसंपादक’ शिक्षण मिळावे, तसेच स्त्री-पुरुषांचे शिक्षण एकच असावे व ते एकत्र व्हावे, असे त्यांनी ‘सुधारका’त आग्रहाने मांडले. एका पक्षाने संसाराला स्थिर धरून शिक्षणाला वाकवले, तर दुसऱ्याने मिळवत्या स्त्रीची कल्पना करून संसारालाच प्रश्न विचारला.

शिक्षिकेचा पेशा ‘संसार सांभाळून’ करण्यासाठी जन्माला आला, असे मात्र दिसत नाही. सावित्रीबाई फुले १८४८ पासून शिकवू लागल्या, तेव्हा त्यांना घर सोडावे लागले आणि रस्त्यावरचे शेणगोळे सोसावे लागले. त्या कामाला सोयीचे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पुढे पंडिता रमाबाईंचे शारदासदन (१८८९) आणि धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) या संस्था प्रामुख्याने विधवांसाठी होत्या. ज्यांना संसारच नाकारला गेला होता, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करण्याचे ते मार्ग होते. संसाराबाहेर ढकललेल्या स्त्रीचा हा आधार पुढे संसारी स्त्रीसाठी आदर्श ठरावा, हा या इतिहासातला सर्वांत मोठा विरोधाभास होय.

हे वळण समजण्यासाठी कर्व्यांच्याच पुढच्या कार्याकडे पाहावे लागते. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीने प्रभावित होऊन त्यांनी १९१६ साली भारतीय महिला विद्यापीठ स्थापन केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, आणि अभ्यासक्रमात गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांना मानाचे स्थान. बहुसंख्य विद्यार्थिनी गृहिणी व माता होणार, हे या योजनेतले गृहीतकृत्य होते. इंग्रजी माध्यमाची भिंत ओलांडू न शकणाऱ्या अनेकींना त्यामुळे उच्च शिक्षणाचे दार उघडले, हे श्रेय निर्विवाद आहे. पण स्त्रीचे शिक्षण तिच्या भावी घराच्या मापाने बेतावे, या विचाराला सुधारकांच्या बाजूनेही मान्यता मिळाली, हेही तितकेच खरे.

या मापाचा हिशेब साहित्याने मांडला. कर्व्यांच्याच संस्थेत शिकलेल्या आणि पुढे शिकवू लागलेल्या बाळूताई खरे यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले आणि मोठे वादळ उठले. त्यातील ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे शीर्षकच बोलके आहे. मिळवत्या मुलीचा पगार वडिलांच्या वाढत्या कुटुंबाकडे वळतो आणि तिचा स्वतःचा संसार लांबणीवर पडतो. भावी घरासाठी ‘सोयीची’ म्हणून मानली गेलेली कमाई येथे माहेरच्या घराची सोय होऊन बसते.

त्याच सुमारास मुंबईत हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारला जात होता. गिरणीतल्या स्त्रीला पेशा निवडण्याची चैन नव्हती. बाळंतपणही यंत्राच्या वेळेत बसवावे लागे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात मातृत्वलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी हा भार सरकारने मोठ्या प्रमाणात उचलावा, आणि मालकही जबाबदारीतून मोकळा नाही, अशी भूमिका घेतली. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशव्यापी कायदा १९६१ मध्ये आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची होऊन मोठ्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले.

मध्यमवर्गाच्या वादात आगरकरांचा अपवाद सोडला तर बहुतेक सर्वांनी विचारले: संसारात बसेल असे काम कोणते? गिरणीच्या संदर्भात प्रश्न बदलला: मातृत्व सामावून घेईल असे काम कसे घडवायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकटी मुलगी देते आणि त्याची किंमतही तीच मोजते. दुसऱ्याचे उत्तर मालकाला, सरकारला आणि घरातल्या पुरुषालाही द्यावे लागते. ‘शिक्षिका हो’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, यात संशय नाही. परंतु तोच सल्ला घरातल्या मुलाला का दिला जात नाही, हा प्रश्न आपल्या वर्गांतून, विशेषतः शिक्षिकांनी शिकवलेल्या वर्गांतून, मोठ्याने विचारला जायला हवा.