तरुण जिंकत होते, पण तीन सेटमध्ये

पुरुष टेनिसच्या २०१७ ते २०२० या चार वर्षांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवून पाहा. वर्षअखेरीस अव्वल आठ खेळाडूंमध्ये होणारी एटीपी फायनल्स स्पर्धा अनुक्रमे दिमित्रोव, झ्वेरेव, त्सित्सिपास आणि मेदवेदेव यांनी जिंकली. चौघेही नव्वदच्या दशकात जन्मलेले. याच काळात १५ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या आणि त्यांतील १४ फेडरर, नदाल व जोकोविच यांनी आपसांत वाटून घेतल्या. उरलेली एक डॉमिनिक थीमला मिळाली.

तेव्हा ‘नव्या पिढीत दमच नव्हता’ हे नेहमीचे उत्तर टिकत नाही. २०१८च्या फायनल्समध्ये झ्वेरेवने उपांत्य फेरीत फेडररला आणि अंतिम फेरीत जोकोविचला नमवले होते.

फरक सामन्याच्या लांबीत होता. फायनल्सचा सामना तीन सेटचा, ग्रँड स्लॅमचा पाच सेटचा. तीन सेटमध्ये एखाद्या दिवशी साधलेली लय पुरते. पाच सेटमध्ये ज्येष्ठ खेळाडूला आपली चूक ओळखून ती दुरुस्त करण्यास अवधी मिळतो. २०२१च्या फ्रेंच ओपनची अंतिम लढत आठवा. २२ वर्षांच्या त्सित्सिपासने पहिले दोन सेट जिंकले. ३४ वर्षांचा जोकोविच कपडे बदलण्यासाठी आत गेला, परतला आणि ६-३, ६-२, ६-४ असे पुढचे तिन्ही सेट घेऊन गेला. पुढच्याच जानेवारीत मेलबर्नला मेदवेदेवची तीच गत झाली. समोर ३५ वर्षांचा नदाल होता.

कोणी म्हणेल, १९८५ साली विम्बल्डन पाच सेटचेच होते, तरी १७ वर्षांचा बिनमानांकित बेकर जिंकलाच ना? रास्त आक्षेप. पण तेव्हा मानांकने १६ होती. २००१पासून ती ३२ झाली आणि पहिल्या दोन फेऱ्यांत मानांकित खेळाडूंची परस्परांशी गाठ पडेनाशी झाली. त्याहून मोठा बदल पैशाचा. स्वतःचा फिजिओ, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ घेऊन फिरणे अव्वल खेळाडूंना परवडू लागले. बोर्ग आणि मॅकेन्रो यांचे एकेरीतील शेवटचे ग्रँड स्लॅम पंचविसाव्या वर्षीचे. फेडररने ३५व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. अनुभव वाढत गेला, शरीर मात्र पूर्वीइतके लवकर थकेना.

२००३ ते २०२२ विम्बल्डन या तिघांपैकी कोणीतरी किंवा अँडी मरे, एवढ्यांनीच जिंकले. २०२३ साली २० वर्षांच्या अल्काराझने पहिला सेट १-६ असा गमावूनही जोकोविचला हरवले, तेही पूर्ण पाच सेटमध्ये. दोन महिन्यांनी अमेरिकन ओपन मात्र जोकोविचनेच जिंकली; अंतिम फेरीत हरला तो मेदवेदेव.