लोएल नगराचा विहंगम नकाशा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅचूसेट्स राज्यात मेरिमॅक नदीकाठी वसलेल्या लोएल या गिरण्यांच्या नगराचा चित्रमय नकाशा. एच्. एच्. बेली व जे. सी. हेझन यांनी तो १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. उंचावरून तिरकस दृष्टीने पाहिल्याप्रमाणे नगर दाखविणाऱ्या नकाशास विहंगम नकाशा म्हणतात.

याकोपो दे बार्बारी याने १५०० मध्ये व्हेनिसचे असे दृश्य सहा लाकडी ठशांवरून छापविले होते. अमेरिकेत यादवी युद्धानंतर शिलामुद्रणामुळे या प्रकाराचा प्रसार झाला. चित्रकार रस्त्यांची यथादर्शनानुसार आखणी करी आणि रस्तोरस्ती हिंडून इमारती रेखाटी. प्रतींसाठी आगाऊ वर्गणीदार मिळवीत. त्यामुळे नगराची भरभराट दाखविण्याकडे कल असे व गिरण्यांचा धूर वैभवाची खूण ठरे.

लोएलजवळच्या पॉटकेट धबधब्याच्या जलशक्तीवर मेरिमॅक मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची कापडगिरणी १८२३ मध्ये सुरू झाली. पुढे सु. ९ किमी. लांबीचे कालवे झाले. १८३० मध्ये ६,४७४ असलेली लोकसंख्या १८७० मध्ये ४०,९२८ झाली.

विहंगम नकाशात सर्वत्र एकच प्रमाण नसल्याने त्यावरून अंतरे मोजता येत नाहीत. तथापि नदी, कालवे, गिरण्या व वस्ती यांचे परस्परसंबंध त्यातून एका दृष्टिक्षेपात कळतात. मात्र गिरण्यांतील स्त्री-कामगारांनी १८३४ व १८३६ मध्ये केलेले संप अशा चित्रातून कळत नाहीत. लोएलच्या आरंभीच्या वाढीस लागलेला कापूस दक्षिणेकडील गुलामांच्या श्रमातून येई, हेही त्यात दिसत नाही. यादवी युद्धात (१८६१–६५) तो पुरवठा तुटला, तेव्हा ब्रिटिश गिरण्यांच्या मागणीमुळे वऱ्हाडातील कापसाचे भाव चढले. लोएलच्या इतिहासाचा एक धागा असा यवतमाळच्या काळ्या जमिनीपर्यंत पोहोचतो.

१८७६ मध्येच कैलासनाथ सुकुल यांचा काशीदर्पण हा वाराणसीचा चित्रनकाशा निघाला. त्यात गंगा, मंदिरे व तीर्थे यांना प्राधान्य आहे. दोन्ही नगरे नदीकाठची. परंतु एका नकाशात नदीचे महत्त्व यंत्रशक्तीमुळे, तर दुसऱ्यात पावित्र्यामुळे आहे. नकाशाकार काय निवडतो, हेही इतिहासाचे साधन ठरते.

विमानातून छायाचित्रे घेणे सुलभ झाल्यावर, १९२० नंतर, हा प्रकार मागे पडला. लोएलमधील गिरण्या व कालव्यांचा परिसर १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून संरक्षित करण्यात आला.