अन्ननलिकेचा सांधा

आमच्या शिरूर कासारच्या नावातच कासार आहे. तेव्हा सांध्याची गोष्ट सांगताना आधी तांब्यापितळेची कळशी आठवते. सांधा चांगला बसला की नाही, हे कळशी पाण्यानं भरल्याशिवाय कळत नाही. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत सर्जनला हीच धास्ती असते.

अन्ननलिकेला कर्करोग झाला, की रोगट भाग काढावा लागतो. पण काढणं सोपं आणि जोडणं अवघड, असा हा अवयव आहे. आतड्यावर बाहेरून एक गुळगुळीत पातळ आवरण असतं. टाका त्यात घट्ट बसतो. अन्ननलिकेला ते नाही. शिवाय जठराची नळी करून ती वर ओढली, की तिच्या टोकाला रक्त कमी पोहोचतं. सांधा सुटला तर अन्न आणि पाचकरस छातीत उतरतात.

१९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी ६७ वर्षांच्या एका बाईंची छातीतली अन्ननलिका काढली. आतून जोडण्याचं धाडस त्यांनी केलंच नाही. मानेला एक छिद्र, पोटाला एक छिद्र, आणि मध्ये बाहेरून रबरी नळी! तरी ती बाई पुढे बारा वर्षांहून अधिक जगली. घास तोंडात चावायचा आणि तो अंगाबाहेरच्या नळीतून पोटात सोडायचा. असं जेवण रोज जेवणाऱ्या त्या बाईंचं कौतुक मला सर्जनपेक्षा कमी वाटत नाही.

१९३३ मध्ये जपानच्या ओसावा यांनी जठर वर घेऊन छातीतच जोडून दाखवलं. १९४६ मध्ये आयव्होर लुईस यांनी उजव्या छातीतून जाण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये मॅकऑन यांनी सांधा मानेत आणला. विचार साधा होता : मानेतला सांधा सुटला तर जखम उघडून धुता येते, छातीतला सुटला तर जिवावर बेततं. आपल्याकडे १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, आणि मराठवाड्यातल्या माणसालाही मुंबईची वाट माहीत झाली. पुढे १९८२ मध्ये बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. घास अडकतोय म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या बीडकराला निदान तपासणीसाठी तरी मुंबई गाठण्याची गरज राहिली नाही.

आता टाके हातानं घालायचे की यंत्रानं? स्टेपलरचा जन्म १९०८ सालचा, बुडापेस्टमधला. ते यंत्र वजनदार आणि किचकट होतं. रशियन संशोधकांनी ते सुधारलं आणि १९५८ मध्ये अमेरिकन सर्जन मार्क रॅविच त्याचा एक नमुना घेऊन मायदेशी परतले. गोल स्टेपलर आला तेव्हा वाटलं, की आता हाताचे टाके इतिहासजमा होणार! तसं झालं नाही. १९९७ मध्ये हाँगकाँगला १२२ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. गळती दोन्हीकडे कमीच होती, पण पुढे सांधा आवळून अन्नमार्ग अरुंद होण्याचं प्रमाण हाताच्या टाक्यांत सुमारे ९ टक्के, तर गोल स्टेपलरमध्ये ४० टक्के निघालं. अशा रुग्णाला दुर्बिणीतून मार्ग ताणून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा यावं लागतं. गावाकडच्या माणसाला म्हणजे दर खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. २००० साली ऑरिंजर यांनी दोन्ही नळ्या शेजारी ठेवून सरळ स्टेपलरनं रुंद सांधा करण्याची रीत सांगितली. त्यानं हा त्रास बराच कमी झाला.

मानेतला सांधा सुरक्षित, या समजालाही धक्का बसला. तिथवर पोहोचायला जठर अधिक ताणावं लागतं, आणि आवाजाच्या नसेलाही धोका असतो. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत छातीतल्या सांध्याची गळती सुमारे १२ टक्के, तर मानेतल्याची ३० टक्क्यांहून अधिक आढळली. अर्थात गाठ वरच्या भागात असेल, तर मानेशिवाय इलाज नसतो.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस आतड्यात घातलेल्या नळीतून पोषण देतात. सांधा गळत नाही अशी खात्री पटली, की मग परिचारिका चमचाभर पाणी पुढे करते. नातेवाईक दाराशी उभे असतात.