मीरा-भाईंदर : भूविकास व वित्तप्रबंध

ठाणे जिल्ह्यात, साष्टी बेटाच्या उत्तर भागात वसलेल्या या शहरातील जमिनीचे व्यवहार आणि गृहबांधणीसाठी झालेली भांडवल-उभारणी. मीरा, भाईंदर, घोडबंदर ही मूळची शेती, मासेमारी व मिठागरांवर जगणारी गावे. खाडीचे खारे पाणी अडवून जमीन लागवडीस आणण्यासाठी ब्रिटिश शासनाने १८७० मध्ये येथील विस्तीर्ण क्षेत्र रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिले. या पट्ट्यातील हक्क पुढे इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आले व त्यांवरून दीर्घकाळ न्यायालयीन वाद झाले.

मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण अधिनियमानंतर भाड्यासाठी इमारती बांधणे किफायतशीर राहिले नाही व मालकी हक्काच्या सदनिकांची पद्धत रूढ झाली. दहिसरच्या पलीकडे, पश्चिम रेल्वेलगतच्या या भागात तुलनेने स्वस्त घरांना मोठी मागणी आली. जमीनमालकाने विकास-करार व कुलमुखत्यारपत्र करून द्यावे, मोबदला रोख वा बांधीव क्षेत्राच्या रूपाने घ्यावा आणि विकसकाने ग्राहकांच्या हप्त्यांवर बांधकाम रेटावे, असा या व्यवहारांचा सर्वसाधारण साचा होय. त्यात विकसकास स्वतःचे भांडवल कमी लागे. ग्राहक मात्र वस्तुतः तारण न घेतलेला, बिनव्याजी धनको ठरे. काम रखडल्यास किंवा जमिनीचा हक्क सदोष निघाल्यास प्रथम त्याचीच बचत अडके. हौसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशनच्या स्थापनेनंतर (१९७७) पगारदारांस दीर्घ मुदतीचे गृहकर्ज सुलभ होऊ लागले. तथापि हक्क निर्वेध नसल्यास असे कर्ज मिळणे दुष्कर असे.

या विषमतेवर कायद्याने टप्प्याटप्प्याने उपाय योजले. महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ अन्वये नोंदणीकृत करार व गृहनिर्माण संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण आवश्यक ठरले. ते टाळले जाई, म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७०% रक्कम स्वतंत्र बँकखात्यात ठेवून ती केवळ त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकाम खर्चासाठी वापरण्याचे बंधन घातले. नोंदणीकृत कराराआधी किंमतीच्या १०% हून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली.

येथे १९८५ मध्ये नगरपालिका व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. लोकसंख्या ८,०९,३७८ (२०११). सदनिकेचा ताबा मिळाला, तरी इमारतीखालील जमिनीचे अभिहस्तांतरण होईपर्यंत रहिवाशांचे स्वामित्व अपुरेच राहते. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या वेळी ही उणीव विशेषत्वाने जाणवते.