‘एफ ११’ची कुळकथा

अफू, मॉर्फिन, हेरॉइन किंवा तत्सम वेदनाशामकांच्या आहारी गेलेला रुग्ण अमेरिकेतील एखाद्या इस्पितळात दाखल झाला, म्हणजे त्याच्या कागदावर ‘एफ ११’ने आरंभ होणारा जो संकेतांक चढतो, त्याचे मूळ शोधू जाता ते रुग्णाच्या खाटेपाशी न सापडता मृतांच्या दप्तरात सापडते. सर्व देशांस चालेल अशी मृत्युकारणांची यादी तयार करण्याचे काम १८५३ साली ब्रुसेल्सच्या सांख्यिकी परिषदेने इंग्लंडचे विल्यम फार व जिनिव्हाचे मार्क देस्पीन यांजकडे सोपविले. पण पुढे सर्वत्र रुजली ती झाक बेर्तियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे सादर केलेली यादी. याच बेर्तियाँचे बंधू आल्फाँस यांनी देहाची मापे घेऊन गुन्हेगार ओळखण्याची पद्धत काढली होती. एका भावाने मरणाची वर्गवारी लावली, दुसऱ्याने गुन्हेगारांची, आणि व्यसनी मनुष्य कोणाच्या दप्तरात घालावा हा प्रश्न पुढे दीर्घकाळ रेंगाळला.

१९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने बेर्तियाँच्या यादीची सहावी आवृत्ती सिद्ध करताना जिवंतांचे आजार व मनोविकारही यादीत घेतले, तेव्हा दारूखेरीज इतर मादक द्रव्यांच्या व्यसनास ३२३ हा क्रमांक मिळाला खरा. पण तो ‘चारित्र्य, वर्तन व बुद्धी यांचे विकार’ या सदराखाली, म्हणजे निदान लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाती नकळत न्यायाधीशाचीही लेखणी आली. १९६४ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ‘व्यसना’ऐवजी ‘अवलंबित्व’ म्हणावे अशी शिफारस केली, आणि १९९० साली मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत ‘एफ’ मनोविकारांचा, १० दारूचा, ११ अफूवर्गाचा व पुढील अंक नशा, अपायकारक सेवन, अवलंबित्व वा द्रव्य तुटल्याने होणारा त्रास यांचा, अशी मोठी सुबक मांडणी झाली.

घोटाळा पुढेच झाला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये गैरवापर व अवलंबित्व हा भेद मोडून, अकरा लक्षणांपैकी किती आढळतात त्यावर सौम्य, मध्यम वा तीव्र ठरणारा एकच विकार मानला. परंतु १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे अमलात आलेल्या, दहाव्या आवृत्तीवर बेतलेल्या संकेतपुस्तकात दोन्ही जुने रकाने कायम होते, म्हणून सौम्य विकारास गैरवापराचा एफ ११.१०, आणि मध्यम व तीव्र विकारांस अवलंबित्वाचा एफ ११.२० लावण्याची तडजोड निघाली. डॉक्टरांच्या लेखी विकार एक, बिलाच्या लेखी दोन! त्यातही गंमत अशी, की तीव्र विकारातून सावरलेल्यास एफ ११.२१ ही नोंद आरंभापासून उपलब्ध होती. सौम्य विकारातून बाहेर आलेल्यास मात्र स्वतःच्या एफ ११.११साठी १ ऑक्टोबर २०१७ पर्यंत थांबावे लागले.