बुलेट बॉब

टोकियो ऑलिंपिक, 1964. शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत बॉब हेज ह्या अमेरिकी तरुणाला सर्वांत आतली मार्गिका मिळाली होती. धावपट्टी राखेची, आणि नेमकी हीच मार्गिका चालण्याच्या शर्यतीतील स्पर्धकांनी तुडवून उखडलेली. त्यातच त्याचा एक बूट सापडेना, म्हणून सहकाऱ्याचा उसना घातलेला. तरीही 10.0 सेकंदांत सुवर्णपदक! पुढे चार बाय शंभर मीटर रिलेत बॅटन त्याच्या हाती आले तेव्हा अमेरिका मागे होती. पुढच्या साऱ्यांना मागे टाकून त्याने दुसरे सुवर्ण मिळवून दिले.

जॅक्सनव्हिलच्या ह्या मुलाचा मूळ खेळ मात्र अमेरिकी फुटबॉल. आपल्या फुटबॉलशी त्याचे नाते नावापुरतेच. तिथे क्वार्टरबॅक चेंडू हाताने लांब फेकतो आणि कडेने पुढे धावत जाऊन तो झेलतो वाईड रिसीव्हर. 1965 मध्ये हेज डॅलस काउबॉईज संघात आला. निव्वळ धावपटूला झेल जमतील का, ही शंका पहिल्याच मोसमात मिटली : 1,003 यार्ड आणि झेल घेऊन केलेले 12 टचडाउन.

एका रिसीव्हरमागे एक रक्षक, ही नेहमीची रीत. पण जगातील सर्वांत वेगवान माणसामागे धावणार कोण? प्रत्येकाने मैदानाचा आपापला भाग राखायचा, ही 'झोन' पद्धत ठाऊक होती. हेजला आवरण्यासाठी संघांनी तिचाच आधार घेतला आणि ती फोफावली.

ह्या नव्या बचावाने हेजचे झेल घटले. अकरा मोसमांत एकूण 371, पण दर झेलामागे सरासरी 20 यार्ड. जानेवारी 1972 मध्ये डॅलसने सुपर बोल जिंकला. ऑलिंपिक सुवर्ण आणि सुपर बोल, दोन्ही मिळवणारा तो एकमेव.

उतार मात्र वाईट होता. 1979 मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्याची त्याने कबुली दिली आणि सुमारे दहा महिने तुरुंगात काढले. 2002 मध्ये तो गेला. 2004 मध्ये 'हॉल ऑफ फेम'साठी त्याचे नाव आले, पण पुरेशी मते पडली नाहीत. अखेर 2009 मध्ये तो सन्मान मिळाला. स्वीकारायला तो नव्हता.

371 हा आकडा पाहून त्याचे मोठेपण कळणार नाही. त्याला रोखण्यासाठी इतरांना आपला खेळ बदलावा लागला, हे आकड्यांच्या कोणत्या रकान्यात लिहायचे?