प्रतिकृती रेल्वे

प्रतिकृती रेल्वे म्हणजे प्रत्यक्षातील रेल्वेमार्ग, गाड्या, स्थानके व भोवतालचा भूप्रदेश ठरावीक प्रमाणात लहान करून उभारलेली चालती रचना होय. सर्व घटक एकाच प्रमाणात असणे ही तिची मूळ अट असून त्यामुळेच ती खेळण्यातील आगगाडीपेक्षा वेगळी ठरते. भारतीय मार्गाची प्रतिकृती करताना ही अट दोन ठिकाणी अडते. प्रचलित तयार रूळ भारतीय रुंदमापी (ब्रॉडगेज) मार्गाला जुळत नाहीत आणि मार्गाची खरी लांबी घरात मावत नाही. मध्य रेल्वेच्या कल्याण–बदलापूर भागाच्या उदाहरणावरून या दोन्ही अडचणी आणि त्यांवरील उपाय स्पष्ट होतात.

प्रमाण व गेज

जगात सर्वाधिक रूढ असलेले एचओ प्रमाण १:८७ आहे. त्याचे रूळ १६.५ मिमी अंतरावर असतात व ते १,४३५ मिमी गेजच्या मार्गाचे प्रतिनिधित्व करतात. भारतीय रुंदमापी गेज १,६७६ मिमी असल्याने १:८७ प्रमाणात रुळांमधील अंतर सुमारे १९.३ मिमी हवे. एन प्रमाणात (१:१६०) तयार रूळ ९ मिमीचे मिळतात, तर आवश्यक अंतर सुमारे १०.५ मिमी आहे.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, डबे १:८७ प्रमाणात ठेवून तयार रूळच वापरणे. गाडी समोरून पाहिल्यास रूळ अरुंद भासतात. ब्रिटनमधील ओओ प्रमाणात (सुमारे १:७६) अशीच तडजोड रूढ आहे. दुसरा, स्लीपर व रूळ हाताने जोडून योग्य गेजचा मार्ग तयार करणे. यात चाकांच्या जोड्या आणि सांधेही बदलावे लागतात. तिसरा, प्रमाणच बदलणे. १:१०२ प्रमाणात १६.५ मिमीचे रूळ भारतीय गेजशी जुळतात. हे प्रमाण वास्तुविशारदांच्या १:१०० प्रतिकृतींच्या जवळचे असल्याने माणसे व झाडे तयार मिळू शकतात, मात्र डबे स्वतः घडवावे लागतात.

नमुना मार्ग: कल्याण ते बदलापूर

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचला. कल्याणहून आग्नेयेकडे जाणारा फाटा १८५६ मध्ये सुरू झाला. या फाट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके येतात.

कल्याण–बदलापूर अंतर सुमारे १४ किमी आहे. १:८७ प्रमाणात ते १६० मीटर होते. लोकलचा डबा २० मीटर धरल्यास प्रतिकृतीत तो २३ सेमी लांब होतो आणि बारा डब्यांच्या गाडीला पावणेतीन मीटरचा फलाट लागतो. म्हणून अंतर निवडक रीतीने आकसले जाते. दोन स्थानकांमधील सरळ मार्ग कमी केला जातो व गाडी चार डब्यांची, म्हणजे सुमारे ९२ सेमीची केली जाते. डब्याची रुंदी, फलाटाची उंची व तारेची उंची मात्र आकसता येत नाहीत. त्या बदलल्यास स्थानक ओळखू येत नाही.

साधने

आखणीसाठी पोलादी पट्टी, गुण्या व पाणसळ, कापण्यासाठी बारीक दात्यांची करवत व धारदार पाते, घासण्यासाठी बारीक कानशी, छिद्रांसाठी हाताने फिरवायचे लहान गिरमिट, पकडण्यासाठी चिमटे, विजेसाठी डाख देण्याची इस्त्री व मल्टिमीटर ही मूलभूत साधने होत. रूळ व चाके तपासण्यासाठी गेजपट्टी आवश्यक असते, कारण गाडी घसरण्याचे कारण बहुधा गेजमधील किरकोळ चूक हेच असते.

उभारणीचे तंत्र

पाया: लाकडी चौकटीवर प्लायवूड बसवून त्यावर बुचाच्या लाकडाचा (कॉर्क) थर चिकटवतात. त्यामुळे आवाज घटतो व खडीच्या भरावाचा उतार तयार होतो.

वळण व चढ: वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट ठेवावी, असा संकेत आहे. २३ सेमीच्या डब्यासाठी ती ६९ सेमी होते. चढ सहसा ५० ला १ पेक्षा तीव्र नसावा. एका मार्गावरून दुसरा ८ सेमी उंचीवरून नेण्यास त्यामुळे ४ मीटर लांबी लागते.

वीज: साध्या पद्धतीत दोन रुळांतून १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह देऊन वेग नियंत्रित करतात. अंकीय पद्धतीत रुळांवर कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातील संकेतवाचक स्वतंत्र आज्ञा पाळतो. दोन्ही पद्धतींत पाटाखालून जाड तारा नेऊन थोड्या थोड्या अंतरावर रुळांना जोडतात, अन्यथा दूरच्या टोकाला गाडी मंदावते.

भूदृश्य: खडीसाठी चाळलेला काळा बसाल्टचा चुरा या प्रदेशाला शोभतो. पांढरा डिंक पाण्यात पातळ करून त्यात साबणाचा थेंब घातला की तो चुऱ्यात झिरपतो. बदलापूरच्या पुढे उल्हास नदीलगत मार्ग सखल भागातून जातो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती व प्रवाशांना बाहेर काढावे लागले. या भागाच्या प्रतिकृतीत भराव, मोऱ्या व नदीची पातळी यांचे परस्परसंबंध दाखवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. अंबरनाथचे अकराव्या शतकातील शिवमंदिर मागील पडद्यावर दाखवता येते.

हवामान

कोकणातील पावसाळी दमटपणामुळे साधे प्लायवूड वाकते व रुळांवर थर साचून वीज खंडित होते. त्यामुळे जलरोधक प्लायवूड वापरून त्याच्या कडाही रंगवतात, निकेल-सिल्व्हरचे रूळ निवडतात आणि ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. उष्णतेने रूळ प्रसरण पावतात, म्हणून जोडांत बारीक फट ठेवतात.

महाराष्ट्रातील उदाहरण

पुण्यातील कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथे एचओ प्रमाणातील चालती मांडणी पाहता येते.